एकोणीस इंची चाके

शिमग्याला मुलगा मुंबईहून आला तो स्वतःची स्पोर्ट्स कार घेऊन. गाडी लाल, बुटकी आणि दोनच आसनांची. अंगणात ती उभी राहताच शेजारचा चुलतभाऊ कुंपणाच्या दगडी गडग्यावर टेकून म्हणाला, "काय रे, गाडी पाटाएवढी नि चाकां बैलगाडीची!"

मुलगा हसला. मी हसलो नाही. चुलतभावाचे निरीक्षण अचूक होते.

कारखान्यातून ही गाडी सतरा इंची चाकांवर आली होती. मुलाने ती काढून एकोणीस इंची बसवून घेतली. चाकाची बाहेरची उंची वाढवता येत नाही, कारण वर मडगार्ड असते. त्यामुळे धातूची रिम जितकी वाढते, तितके रबर कमी होते. टायरची बाजू माझ्या तीन बोटांएवढी उरली होती. मी नोकरीची सारी वर्षे जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. धक्का कोठेतरी जिरावा लागतो, एवढे मला कळते. रबरात तो जिरला नाही तर स्प्रिंगकडे जातो, तेथून आसनाकडे, आणि आसनातून बसणाऱ्याच्या पाठीकडे.

पत्नीच्या मणक्यांची झीज झाली आहे. कमरेला पट्टा बांधल्याशिवाय तिला बसवत नाही. मुंबईच्या सर्जनला दाखवा, आणि तोवर पाठीला हिसका बसू देऊ नका, असे रत्नागिरीच्या डॉक्टरांनी बजावले होते.

दुसऱ्या सकाळी मुलाने मला आरे-वारेच्या रस्त्याने फिरवून आणले. तेथले डांबर गुळगुळीत होते. समुद्राच्या कडेने चढत जाणारी वळणे गाडीने जराही न झुकता घेतली. स्टिअरिंगला हात लागताच तोंड फिरत होते. बुटका, कडक टायर वळणावर लवत नाही, त्याचा हा लाभ.

"कशी आहे?" त्याने विचारले.

"वळणाला उत्तम."

"आणि बाकी?"

"बाकीचे तुझ्या आईच्या पाठीला विचार. जुनी चाके कोठे आहेत?"

"दुकानदाराने बदल्यात घेतली. बाबा, खोट काढल्याशिवाय तुम्हाला चहा गोड लागत नाही."

आमच्या गावात नवे वाहन ग्रामदेवतेसमोर उभे करतात. घरातील आई पुढच्या आसनावर बसून जाते, आणि गावचा मानकरी देवाला गाऱ्हाणे घालतो, म्हणजे सर्वांच्या वतीने मागणे मागतो. पत्नीने सकाळीच पट्टा आवळून नऊवारी नेसली होती.

"तू रिक्षाने ये," मी म्हणालो.

"पोराची गाडी देवाकडे रिकामी जायची? अहो, लोक काय म्हणतील?"

शेवटी रिक्षात मी बसलो. देवळाचा रस्ता जांभ्याचा, पावसाने धुपून उघडा पडलेला. पुढे लाल गाडी, मागे मी. प्रत्येक दगडावर गाडीचे मागचे अंग उचलले जाई, आणि काचेतून पत्नीचा हात दाराच्या वरची कडी धरताना दिसे. रिक्षाही उसळत होती, परंतु तीत माझी पाठ होती.

देवळासमोर मंडळी जमली होती. नारळ ठेवून मानकऱ्याने गाडीकडे पाहिले आणि मोठ्याने विचारले, "काय वहिनी, झिलान कशी आणलान? हाडां जाग्यावर हायत ना?"

सगळे हसले. मुलगा आईकडे पाहत होता.

"पालखीत बसल्यासारखी आले," ती म्हणाली.

मानकऱ्याने तेच शब्द उचलले. "बा देवा महाराजा, ही गाडी या माउलीक अशीच पालखीसारखी नेऊ दे, आणू दे!"

"होय महाराजा!" सारे म्हणाले. गाऱ्हाण्याला होकार द्यायचा असतो. कोणी गप्प राहत नाही. मीही होकार दिला.

त्या संध्याकाळी ती कुशीवर पडून होती. मी पाठीला मलम लावत असताना मुलगा दारात आला आणि म्हणाला, "बाबा, सर्जनची वेळ मिळाली. आईला मी गाडीनेच नेतो."

"रेल्वेने ने. आडवी पडून जाईल."

"स्टेशनचे जिने, फलाटावरची धावपळ, हे तिला झेपेल? आणि गाडीत तिला त्रास होत नाही. देवासमोर म्हणाली ना ती?"

मी पत्नीकडे पाहिले. खरे सांगण्याची संधी तिच्यासमोर होती.

"हो," ती म्हणाली. "आज जरा ओणवी झाले, म्हणून दुखतंय. यांना काय ठाऊक? बसले कोण, मी का हे?"

तो गेल्यावर मी म्हणालो, "हे खोटे कशासाठी?"

"देवासमोर बोलले मी. आता फिरवू? आणि किती हौसेनं आणलीय त्यानं." एवढे बोलून ती भिंतीकडे वळली.

निघण्याच्या दिवशी मी टायरमधली हवा तपासली. थोडी कमी केली असती तर धक्का किंचित मऊ झाला असता. परंतु इतक्या पातळ टायरमध्ये हवा कमी असली, तर महामार्गावरील पहिल्या खोल खड्ड्यात रिम वाकते आणि टायर फाटतो. गाडी वेगात असताना तसे होणे पाठदुखीहून वाईट. मी हवा होती तशीच ठेवली. करण्याजोगे दुसरे काही नव्हते.

आसन फार खाली होते. आम्ही दोघांनी धरून तिला आत बसवले. कमरेमागे मी उशी सरकवली.

"जेवण झाकून ठेवलंय," ती म्हणाली. "गार खाऊ नका."

तिसरे आसन नव्हते. मी फाटकाशी उभा राहिलो.

वाडीच्या रस्त्यावर नळाच्या पाइपासाठी खणलेला आडवा चर आहे. तो अजून नीट बुजवलेला नाही. मुलाने तेथे गाडी अगदी हळू केली, हे मान्य केले पाहिजे. तरीही चाक खाली गेले, वर आले, आणि काचेतून तिचा हात कडीकडे गेलेला दिसला.

पुढे वळण आहे. गाडी ते उत्तम वळली.