भावाची लेक, घरची सून

भामाबाईंना सुनेबद्दल विचारायचाच अवकाश, छाती फुगवून सांगायच्या, "परकी नाही हो, भावाचीच लेक आणली!" दिलसुखनगरच्या त्यांच्या गल्लीत भाजीवालीलासुद्धा हे पाठ. चुकलं काय त्यात? त्यांच्यात मामाची पोरगी हक्काची. तशी त्रिवेणी त्यांच्या मुलाची, विक्रमची बायको झाली, आणि आता धाकटी लेक प्रियदर्शिनी त्रिवेणीच्याच भावाला, अनिकेतला, द्यायची ठरलेली. चांगलं साटंलोटं! माहेर पक्कं.

पण नातू युवराज तीन वर्षांचा झाला तरी "आई" म्हणेना. डोकं लहान, अजून बसताही येईना. त्यात त्रिवेणीला पुन्हा दिवस गेले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नवराबायको नात्यातले का?" त्रिवेणीनं तोंड उघडायच्या आत भामाबाई म्हणाल्या, "नै हो, नातं कुठलं!" नात्याचं नाव काढलं की डॉक्टर लोक खवळतात, असं ऐकलेलं. शिवाय लेकीचा साखरपुडा तोंडावर आलेला. युवराजचं नि त्याच्या आईबापांचं रक्त तपासायला दिलं, आणि तिथून बाई नुसत्या परेशान. देवाला हात जोडायच्या, पण सुनेच्या पोटाकडे बघायची हिंमत होईना.

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई सावकाश बोलल्या, "मेंदू वाढवणाऱ्या एका जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडची, एक बापाकडची. युवराजच्या दोन्ही बिघडल्यात, आणि बिघाड हुबेहूब एकच. आईबापांची एकेक प्रत चांगली, म्हणून ते ठणठणीत. आजी, आता तरी खरं सांगा."

"भावाची लेक आहे," भामाबाई पुटपुटल्या.

"मग पोटातल्या बाळालाही चारात एक धोका. लगेच तपासायला हवं. घरात आणखी असं लग्न ठरलंय?"

बाईंनी सुनेकडे पाहिलं. त्रिवेणी गप्प बसेल असं त्यांना वाटलं होतं. लग्न तिच्याही भावाचं होतं ना!

"आत्या," त्रिवेणी म्हणाली, "मला आणलंत तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून मी कधी बोल लावला नाही. आता ठाऊक आहे."

भामाबाईंना रडू फुटलं. "ठरलंय हो. माझी लेक, हिचा भाऊ. दोघांचंही रक्त तपासा. दोघांतही तेच निघालं तर मोडते मी लग्न. भाऊ तोंड बघणार नाही माझं, नको बघू दे!" मग सुनेचा हात धरून म्हणाल्या, "पण आधी हिचं बघा."