खोकणारं मांजर

पोरांना फुकट कम्प्युटर शिकवणारा माणूस म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोणी लॅपटॉपवाला हुशार तरुण आला असेल. आला तसा जाऊ द्या. मी ज्या मावशीकडे राहतो तिचे दीर, म्हणजे आमचे काका, हे चिंचपोकळीतले, खरं तर पृथ्वीवरचे, एकमेव कम्प्युटर मास्तर, ज्यांनी आयुष्यात माऊसला बोट लावलेलं नाही.

जन्म गिरणीच्या टाइम ऑफिसात गेला, म्हणून क्लासही गिरणीसारखा. चाळीच्या मंडळाची खोली, कम्प्युटर एक, पोरं बारा. मग काय, पाळ्या! शिट्टी वाजली की पहिली पाळी उठणार, दुसरी बसणार. बाकीच्यांनी तोवर प्रोग्रॅम वहीत उतरवायचा. एकाने विचारलं, "काका, वहीतला चालणार कसा?" "आधी तुझं अक्षर चालू दे!" चपला बाहेर, मग हजेरी, मग ऑनलाइनचा फुकट कोर्स. त्यातली बाई इंग्रजीत बोलते, म्हणून ऑफिसातून अर्धमेला होऊन आलेल्या मला जिन्यातच धरायचे. "नकला करतोस ना? हिची कर, मराठीत." गावच्या शाळेत नकलांपायी छड्या खाल्ल्या, इथे ड्युटीच लागली. रोज संध्याकाळी, पोटात चहासुद्धा नसताना, मी नाजूक आवाजात म्हणायचो, "बाळांनो, आता पडद्यावरच्या मांजराला दहा पावलं चालवा हं."

मग मंडळाने कळवलं, मांडवाचं सामान ठेवायला खोली पाहिजे. पोरं काय शिकली ते रविवारी दाखवा, नाहीतर क्लास बंद. काकांना जेवणच जाईना. मावशी म्हणाली, "गिरणी बंद झाली तेव्हापण असेच बसले होते."

रविवारी कमिटी चपलांसकट आत आली. दुसऱ्या पाळीतल्या चिमीने बटण दाबलं. पडद्यावर मांजर चालत आलं, थांबलं, खोकलं आणि थेट काकांच्या आवाजात खेकसलं, "चपला बाहेर! हजेरी झाली काय रे?"

पोरांनी हट्ट केला म्हणून मीच भरून दिला होता तो आवाज. अध्यक्ष हसून हसून खाली बसले. मग उठले आणि मुकाट चपला बाहेर ठेवून आले. जाताना म्हणाले, "राहू द्या खोली. बांबू जिन्याखाली टाकू."

सगळे गेल्यावर काकांनी मला धरलं. "मेल्या, भर कमिटीसमोर माझी नक्कल? ती केलीस ती केलीस, वर खोकला कशाला घातलास? पोरांका वाटात, मी म्हातारो झालंय!"

मग ते पडद्यावरच्या मांजराकडे वळले.

"काढून टाक तो खोकला." मग आवाज एकदम खाली आला. "नको, थांब. कसा काढतात ते मला दाखव. उद्या, पोरं यायच्या आधी."