हाडाला विचारलेला प्रश्न

मुलीला शाळेत पीत नदीकाठची जुनी चिनी संस्कृती शिकायला आली आणि आमच्या शाकाहारी घरात मेंढीच्या खांद्याचं हाड आलं. तिथले राजे तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी हाडांवर प्रश्न कोरायचे, मागच्या बाजूने काहीतरी तापवून लावायचे आणि पुढे पडलेल्या चिरेवरून पूर्वजांचं उत्तर वाचायचे. पाऊस पडेल का, पीक येईल का, राजाचा दात कुठल्या पूर्वजामुळे दुखतोय, सगळं विचारायचे. टीचरने मॉडेल करून आणायला सांगितलं होतं. बाकीच्यांनी थर्माकोल आणला. आमच्या बाईसाहेबांना खरं हाड हवं होतं. हट्टात ती माझ्यावर गेली आहे, त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं.

इथे आखातात, आमच्या हवल्ली भागातला खाटीक रायगडकडचा आहे. "कुत्रा पाळलाय काय, ताई?" हाड गुंडाळताना त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मागे रांग होती, त्याला चीन कुठे समजावत बसू.

घरी सासरे होते. सासूबाई गेल्यावर नवऱ्याने त्यांना सोलापूरहून इकडे आणलं होतं आणि व्हिसाची मुदत आता संपत आली होती. ती वाढवायची की परतीचं तिकीट काढायचं, हा एकच प्रश्न घरात होता आणि तो कोणी धड विचारत नव्हतं. नवरा बँकेत दिवसभर लोकांना तोंडावर नाही म्हणतो, पण बापापुढे त्याची जीभ अडखळते. "राहायचं तर राहा, जायचं तर जा, बाबा. तुम्हाला बरं वाटेल तसं." रोज जेवताना हेच. बाबा रोज "बघू" म्हणायचे. मी मध्ये पडत नव्हते. खोटं कशाला बोलू, त्यांच्या असण्याने माझी अडचण होत होती. पण ते आल्यापासून मुलगी शाळेतून रिकाम्या घरात येत नव्हती, तेही मला दिसत होतं.

हाड बघून बाबांनी नाक मुरडलं नाही. जन्मात अंड्याला न शिवलेला माणूस, पण नातीने इंग्रजीत सांगितलेलं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. ती माणसं काय खायची, एवढंच विचारलं. तिने पुस्तकातलं कणसाचं चित्र दाखवलं.

"हे तर राळे," ते म्हणाले. "भोगीला तुझी आजी ह्याचा भात करायची की."

मग त्यांनीच ते हाड जुन्या पातेल्यात उकळलं, बाल्कनीतल्या धुळीत वाळवलं आणि घासून पांढरं केलं. पातेलं मी टाकून दिलं.

शुक्रवारी आम्ही सगळे ओट्यापाशी जमलो. मुलीने हाडावर कर्कटकाच्या टोकाने दोन चित्रं कोरली होती. एका बाजूला घरात बसलेला माणूस, दुसऱ्या बाजूला घराबाहेर निघालेला. ते लोक प्रश्न दोन्हीकडून विचारायचे, असं तिने सांगितलं. पाऊस येईल, आणि पाऊस येणार नाही. "सो, आजोबा विल स्टे, ऑर आजोबा विल गो."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान खाली घालून गॅसवर स्क्रू ड्रायव्हर तापवला आणि हाडाला मागून टेकवला. स्वयंपाकघरात घाण वास सुटला. टक् असा आवाज होऊन एक बारीक चीर पडली, पण ती कुठल्या बाजूला जाते ते मला काही समजेना.

"आजोबा, यू आर द किंग," मुलगी म्हणाली. "किंग रीड्स इट."

बाबांनी हाड उजेडात धरलं, चष्मा वर करून बघितलं.

"ह्यात काय दिसंना गं," ते म्हणाले. "आणि असं दोन्हीकडून विचारलं की ज्याला विचारलं त्याला वाटतं, ह्यांना काहीच नको आहे." बोलत होते नातीशी, बघत होते मुलाकडे.

नवऱ्याला ते लागलं. त्याने स्क्रू ड्रायव्हर सिंकमध्ये टाकला.

"राहा, बाबा," तो म्हणाला. "जाऊ नका. मला तुम्ही हवे आहात."

इतक्या दिवसांत हे त्याला जमलं नव्हतं. मला वाटलं, सुटलं एकदाचं. बाबांनी हाड ओट्यावर ठेवलं.

"तुझी आई असताना असं म्हणाला असतास, तर दोघं आलो असतो रे. तू फोनवर म्हणायचास, जमेल तेव्हा या. ती म्हणायची, पोराची अडचण होत असंल, नको जायला."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. नवरा ओट्याला टेकून खाली बसला आणि रडायला लागला. आई गेली तेव्हाही तो रडला नव्हता. मुलगी घाबरली, मी तिला जवळ घेतलं. बाबांनी गॅस बंद केला, गुडघे धरत त्याच्या शेजारी फरशीवर बसले, त्याला पोटभर रडू दिलं आणि तो थांबल्यावर राहतो म्हणाले.