नोंदीतले चौथे वाक्य

नव्वदच्या दशकातल्या एका जुलै महिन्यात, पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कर्नाटक विधान परिषदेच्या सभापतींनी माझ्या थोरल्या भावाच्या निधनाची नोंद सभागृहात वाचली. नोंद सहा वाक्यांची होती. चौथे वाक्य चुकीचे होते.

मी पत्रकार कक्षात बसलो होतो. समोरच्या प्रेक्षक सज्जात दुसऱ्या रांगेत माझी वहिनी बसली होती.

भावाला घरात आणि शाळेत सगळे अण्णा म्हणत. चामराजपेटेतल्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षे कानडी शिकवले. आमचे घर बेंगळुरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे. ही मराठी बाजारात गेली की 'स्वल्प' आणि 'सरी' असे कानडी शब्द घेऊन परत येते, पण मराठीच राहते. अशा घरातला माणूस कानडीचा मास्तर, म्हणून शिक्षकांच्या खोलीत चेष्टा होई.

"मेष्ट्रे, घरी भांडता कुठल्या भाषेत?"

"मराठीत," अण्णा म्हणत. "कानडीत भांडलो तर बायको हरेल. मग जेवायला कोण वाढेल?"

वहिनी कोल्हापूरकडची. ती लग्न होऊन आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. ती मला भाऊजी म्हणे आणि अरेतुरे करी. त्यांना मूल नव्हते. मी लग्न केले नाही. आम्ही तिघे एकाच घरात राहिलो.

सातवीत अण्णा मला वर्गशिक्षक होते. वडिलांविषयी निबंध लिहायचा होता. मी कानडीत लिहिले की माझ्या वडिलांचा व्यवसाय कारकुनी आहे. अण्णांनी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचले. वर्ग हसला. कानडीत व्यवसाय म्हणजे शेती. कामधंद्याला वृत्ती किंवा उद्योग म्हणतात. त्यांनी शब्दाभोवती लाल शाईने वर्तुळ काढले आणि खाली लिहिले : घरचा शब्द बाहेर नेताना झटकून न्यावा.

ऐंशीच्या दशकात शिक्षक संघटनेने अण्णांना विधान परिषदेसाठी उभे केले. वहिनीने विचारले की आमदार होणार, तर मग आपल्या पेठेतून मत मागायला का जात नाही. अण्णांनी तिच्याकडून चिंचोके मागून घेतले आणि जेवणाच्या खोलीत फरशीवर मांडले.

"सभागृहं दोन," ते म्हणाले. "खालचं विधानसभा. तिथं लोकांनी थेट निवडून दिलेले दोनशे चोवीस, आणि अँग्लो-इंडियन समाजातून नेमलेला एक. ते राहू देत, तेवढे चिंचोके नाहीत. वरचं विधान परिषद. पंचाहत्तर. पंचवीस जण आमदार निवडतात. पंचवीस नगरपालिका आणि पंचायतींतले लोक निवडतात. अकरा राज्यपाल नेमतात : साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा. सात पदवीधर निवडतात. आणि हे सात शिक्षक निवडतात."

वहिनीने सात चिंचोके मोजून पाहिले. "म्हणजे हे सात मास्तर?"

"तसं नाही. मत देणारा मास्तर लागतो. माध्यमिक शाळेत किंवा त्याच्या वर, निदान तीन वर्षं शिकवलेला. उभा राहणारा कुणीही चालतो. वय तीस पूर्ण आणि राज्यात मतदार म्हणून नाव, एवढं पुरे."

"मास्तरांच्या जागेवर बिनमास्तर?"

"कायद्यात बसतं."

"कायदा कुणी केला? बिनमास्तरांनीच ना?"

अण्णा निवडून आले. परिषद कधी बरखास्त होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि प्रत्येकाला सहा वर्षे मिळतात. अण्णांची सहा वर्षे प्रवासात आणि बैठकांत गेली. मतदारसंघ काही जिल्ह्यांचा होता. ते महिन्यातून आठ-दहा दिवस घरी असत. अनुदान थकलेल्या शाळांचे शिक्षक सकाळी सहापासून आमच्या दारात चपला काढत. वहिनी चहा करी. त्या सहा वर्षांत ती एकदाही विधानसौधाच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, आत गेली नाही. "त्या घरानं माझा माणूस नेलाय," ती म्हणे. "तिथं मी कशाला जाऊ?"

दुसऱ्या निवडणुकीत त्यांच्यासमोर एका शिक्षणसंस्थेचे मालक होते. त्यांनी वर्गात कधी खडू धरलेला नव्हता. या निवडणुकीत शिक्का मारायचा नसतो. नावासमोर पसंतीचा आकडा लिहायचा असतो. मतमोजणीला मी हजर होतो. अण्णा थोडक्यात पडले. बाद ठरलेल्या मतपत्रिकांच्या गठ्ठ्यात बऱ्याच पत्रिकांवर अण्णांच्या नावासमोर एक हा आकडा नव्हता. तिथे बरोबरची खूण होती, वह्या तपासताना करतात तशी.

"जन्मभर पोरांना बरोबर देत आले," अण्णा म्हणाले, "आणि मला बरोबर देऊन नापास केलं."

नंतर कुणी त्यांची 'शिक्षक मतदारसंघाचे माजी सदस्य' अशी ओळख करून दिली, की ते दुरुस्त करत. "मतदारसंघ शिक्षकांचा आहेच. पण मी स्वतः शिक्षक होतो. दोन्ही सांगा." हा त्यांचा एकच आग्रह उरला होता.

मे महिन्यात ते हृदयविकाराने गेले. तेव्हा अधिवेशन चालू नव्हते. दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात जे आजी-माजी सदस्य वारतात, त्यांची नोंद पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी वाचली जाते. सभापती परिचय वाचतात, दोन-चार सदस्य बोलतात, सभागृह उभे राहून मौन पाळते. नंतर ठरावाची प्रत घरी पाठवतात. हे मी वहिनीला सांगितले. ती म्हणाली, "मी येते."

"तू तर तिथं जाणार नव्हतीस."

"त्या घरात ह्यांना मास्तर म्हणतात की नाही, ते ऐकायचंय. तेवढं ऐकते आणि परत येते."

परिचयाचा मजकूर सदस्यांच्या जुन्या परिचय पुस्तिकेतून घेण्याची पद्धत आहे. ज्या अधिकाऱ्याकडे हे काम होते, तो ओळखीचा होता. मी रोज त्याच इमारतीत असे. मी त्याला म्हटले, पुस्तिकेत चुका असतात, मीच लिहून देतो. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी दुपारी पत्रकार कक्षात बसून मी कानडीत चार ओळींचे टिपण लिहिले. जन्म. शिक्षण. व्यवसाय. सदस्यत्व. चौथ्या ओळीत 'शिक्षकांच्या मतदारसंघातून सहा वर्षे' असे होते. एकाच कागदावर शिक्षक हा शब्द दोनदा नको, म्हणून तिसऱ्या ओळीत मी 'व्यवसाय : तीस वर्षे' एवढेच ठेवले. बातमीत आम्ही असाच शब्द वाचवतो. मी एका मराठी दैनिकासाठी लिहीत असे. व्यवसाय हा शब्द कामधंदा या मराठी अर्थाने मी पंधरा वर्षे जवळजवळ रोज लिहीत होतो. टिपण मी दोनदा वाचले आणि देऊन आलो.

सभापतींनी चौथे वाक्य वाचले : "मूवत्तु वर्षगळ काल व्यवसायदल्लि तोडगिद्दरु." तीस वर्षे ते शेतीत होते.

माझ्या शेजारी एका कानडी दैनिकाचा वार्ताहर होता. त्याने कानाशी येऊन विचारले, "काय सार, अण्णांची जमीन होती? कुठं, हेब्बाळकडं?"

पाचवे वाक्य मतदारसंघाचे होते, सहावे शोकाचे. सभागृह नेते बोलले. एका सदस्याने मातीशी नाते असलेल्या माणसाचा गौरव केला. शिक्षकांच्या त्याच जागेवर आता बसणारे संस्थाचालकही बोलले. स्वर्गवासी सदस्य साधे आणि सज्जन होते, असे ते म्हणाले. मग सगळे उभे राहिले. सज्जात वहिनीही उभी राहिली.

बाहेर पायऱ्यांवर तिने मला थांबवले.

"भाऊजी, ह्यांनी व्यवसाय कधी केला?"

तिने तो शब्द मराठीत ऐकला होता. सभागृहाने अण्णांना शेतकरी केले होते. तिच्या कानांनी त्यांना व्यापारी केले होते.

"कानडीत व्यवसाय म्हणजे शेती," मी म्हटले.

"शेती? कुंडीतली तुळस जगवता आली नाही त्यांना." ती थोडी हसली. मग पायरीवरच बसली. "सहा वर्षं नेलं, आणि साधं मास्तर म्हणवलं नाही. कुणाची चूक?"

"कचेरीतली असेल," मी म्हटले.

मी रिक्षाला हात केला.

दुसऱ्या दिवशी मी त्या अधिकाऱ्याकडे गेलो. त्याने फाइल उघडून माझेच टिपण समोर ठेवले. अक्षर माझे होते.

"तुम्ही लिहिलंत म्हणून मी पडताळलं नाही, सार," तो म्हणाला. "तुम्ही घरचे. शिवाय त्या जागेवर शेतकरी, डॉक्टर, कंत्राटदार, कुणीही येतो. मला शंका यायचं कारणच नव्हतं."

"आता दुरुस्ती?"

"सभागृहात जे वाचलं ते वाचलं. कुणी सदस्य उठून सांगेल आणि सभापती मान्य करतील, तर दुरुस्तीची नोंद होईल. दोन वाक्यं लागतील. पण उठणारा हवा."

मी चार सदस्यांना विचारले. प्रत्येकाने एकच नाव सुचवले : ती जागा ज्यांची, त्यांनीच उठावे. म्हणून मी संस्थाचालकांकडे गेलो. ते उपाहारगृहात इडली खात होते. त्यांनी ऐकून घेतले, हात पुसले.

"मी उठून सांगायचं की ते खरे शिक्षक होते," ते म्हणाले. "मग उद्या तुम्ही लोक छापणार, मी कोण ते."

"मी छापणार नाही."

"तुम्ही नाही. बाकीचे?" त्यांनी कॉफी मागवली. माझ्यासाठीही मागवली. "मतमोजणीच्या दिवशी तुमच्या अण्णांनी माझा हात हातात घेतला होता. म्हणाले, मुलं सांभाळा. मी कुठली मुलं सांभाळतो? बघतो. शब्द देत नाही."

दरम्यान ठरावाची प्रत टपालाने घरी आली. चौथे वाक्य तसेच होते. वहिनीला कानडी अक्षरे अण्णांनीच शिकवली होती. ती एकेक अक्षर जोडून वाची. तिने प्रत वाचली आणि ट्रंकेत ठेवली.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी दुपारी संस्थाचालक उठले. ते म्हणाले की माझ्या आधी या जागेवर असलेले सदस्य तीस वर्षे कानडीचे शिक्षक होते, शेतकरी नव्हते, तशी नोंद व्हावी. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "आणि आपण कोण?" हशा झाला. ते हशा संपेपर्यंत उभे राहिले. सभापतींनी सांगितले की कुटुंबीयांनी पुरवलेल्या माहितीत चूक होती, ती सुधारण्यात येईल. हे मी टिपून घेतले. त्याची बातमी दिली नाही.

संध्याकाळी वहिनीला सांगितले, "दुरुस्ती झाली. शिक्षक म्हणाले."

"कोण म्हणालं?"

मी नाव सांगितले. तिने निवडत असलेल्या तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "त्याला हे जमलं," ती म्हणाली. "कचेरीतल्या त्या माणसानं चूक कबूल केली का?"

"हो," मी म्हटले.

दुरुस्तीची प्रत सप्टेंबरात आली. सुटीचा दिवस होता आणि मी घरी होतो. वहिनीने खिडकीपाशी बसून ती मोठ्याने वाचली. 'शिक्षकरु' हा शब्द तिने एका दमात वाचला. पुढच्या ओळीत 'कुटुंबदवरु' या शब्दापाशी ती थांबली. त्याखाली बोट ठेवून तो पुन्हा वाचला.

"घरच्यांनी दिलेली माहिती, असं लिहिलंय," ती म्हणाली. "घरचे म्हणजे कोण रे भाऊजी? घरात आपण दोघंच."

मी सांगितले. टिपण, चार ओळी, गाळलेला शब्द, कचेरीविषयी तिला जे सांगितले ते, सगळे. माझे बोलणे संपल्यावर तिने कागदाची घडी घातली.

"सातवीत ह्यांनी याच शब्दावर तुझं हसं केलं होतं ना वर्गात," ती म्हणाली. "घरी येऊन तू जेवला नव्हतास."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही. मीही काढला नाही.

दोन वर्षांनी वहिनी वारली. ट्रंकेत अण्णांच्या चष्म्याच्या घराखाली दोन पाकिटे मिळाली. पहिल्या प्रतीत 'व्यवसाय' या शब्दाभोवती लाल शाईचे वर्तुळ होते. दुसऱ्या प्रतीत 'कुटुंबदवरु' हा शब्द लाल शाईने खोडलेला होता.