दगडाखालचे काटे

निजामाच्या राज्यात मी कंधारला मास्तर होतो. सुट्टीत गावी निघालो की टपालवाल्याची सोबत असे. किल्ल्यामागच्या जुन्या दगडी वाटेनं दिवसभर चालायचं. दिसेल तो बाभळीचा काटा टपालवाला उचलायचा आणि दगडाखाली दाबायचा. उशीर व्हायचा, मी वैतागायचो.

"फेकून द्या की."

"फेकला तर दुसऱ्याच्या पायात जाईल, मास्तर."

एकदा माझी वहाण तुटली. त्यानं आपल्या वहाणा पुढं सरकवल्या.

"आणि तुम्ही?"

"मला ही वाट वळखती. काटा लागत न्हाई."

संध्याकाळी गावी पोचल्यावर वहाणा परत द्यायला पाराकडं गेलो. तो टाचेतला काटा काढत बसला होता. निघाला तसा शेजारचा दगड उचलून त्यानं काटा त्याखाली दाबला.