शुभेच्छुकांचे हॅशटॅग

"मॅडम, मामाचं नाव राहिलं की," बाळासाहेब आपला मोबाईल माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले. "मामा रुसले तर आईला तोंड कोण देणार?"

मोबाईलवर त्यांच्या येलदरी धरणाजवळच्या नव्या हॉटेलचं रील चालू होतं. मरळ माशाचा लालभडक रस्सा, शेजारी ज्वारीची भाकरी. तोंडाला पाणी सुटावं असं. आणि खाली हॅशटॅगची रांग. बाळासाहेबांचं स्वतःचं नाव, थोरल्या काकांचं, दोन्ही मेव्हण्यांचं, सरपंचांचं, गणेश मंडळाचं. मग एका सिनेमातल्या हिरोचं. शेवटी व्हायरल, ट्रेंडिंग, लव्ह आणि मुंबई. वाचता वाचता मीच दमले.

मी जिंतूरला एका मेडिकलच्या वरच्या खोलीत बसते आणि दुकानदारांचं सोशल मीडियाचं काम बघते. दिवसभर मोबाईल बघायचे पैसे घेते, असं गल्लीतल्या बायका म्हणतात. घेते की. बघायचं कसं ते कळतं, म्हणून घेते.

हॅशटॅग म्हणजे काय, तेही सांगते. शब्दाच्या आधी ते जाळीसारखं चिन्ह लावलं की तो शब्द बोटानं दाबता येतो. दाबला की तोच शब्द लावलेल्या सगळ्यांच्या पोस्ट एका जागी दिसतात. आठवडी बाजारात मिरचीवाले एका ओळीत बसतात, बांगडीवाले दुसऱ्या. ज्याला मिरची पाहिजे तो मिरचीच्या ओळीत येतो. तुम्ही मिरच्या घेऊन बांगड्यांत बसलात तर गर्दी भरपूर दिसेल, पण मिरची कुणी विचारणार नाही.

आमच्या भागात सवय फ्लेक्सची. वाढदिवस असो, नाहीतर दुकानाचं उद्घाटन, चौकात फ्लेक्स लागतो आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो. एखाद्या पाहुण्याचा फोटो राहिला की तो लग्नालासुद्धा येत नाही. बाळासाहेबांनी तीच रीत उचलून मोबाईलवर नेली होती.

"पण व्ह्यूज बघा ना, लय आलेत," ते म्हणाले.

मी बघितलं. आले होते खरे. सगळे त्या हिरोचे चाहते. कुणी दिल्लीचं, कुणी लखनौचं. "हे लोक येलदरीला भाकरी खायला येणार का?" मी विचारलं. तेवढ्यात त्यांना फोन आला आणि ते बोलत बोलत जिन्याकडे गेले.

दाराशी सुनीतावहिनी उभ्या होत्या. बाळासाहेबांच्या धाकट्या भावाची बायको. हॉटेलची चूल त्यांची, जागा मात्र बाळासाहेबांची. भाया, म्हणजे थोरले दीर, समोर असताना त्या तोंड उघडत नाहीत. ते बाहेर गेल्यावर पुढे आल्या.

"ताई, रोज रस्सा उरायलाय. दादा म्हणायलेत, दिवाळीपर्यंत बघू, न्हाईतर जागा सिमेंटवाल्याला गोदामासाठी देऊन टाकू. मला ह्ये एकच काम येतं बघा. आन् लय चांगलं येतं."

शेवटचं वाक्य त्यांनी अशा काही ठसक्यात म्हटलं की मला ती बाई तिथंच आवडली. म्हटलं, हे हॉटेल मी बंद पडू देत नाही.

रविवारी येलदरीला गेले. धरणाच्या अलीकडे रस्त्याला लागूनच हॉटेल. टेबलं रिकामी. मी आधी जेवले. वहिनी खोटं बोलल्या नव्हत्या. मग बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहिले. धरण बघायला गाड्या येत होत्या, हॉटेलसमोरून सरळ जात होत्या. पलीकडे लिंबाखाली परभणीचं एक कुटुंब डबा सोडून बसलं होतं. त्यांना विचारलं, समोर हॉटेल असताना डबा कशाला?

"अहो, निघताना मोबाईलवर येलदरी टाकलं," त्यातल्या बाई म्हणाल्या. "नुसते पाण्याचे फोटो आले. जेवायचं काही दिसलं नाही, म्हणून पहाटे उठून चपात्या केल्या. आता डबा कुठं वाया घालवायचा?"

तिथंच माझं काम झालं. इथं येणारा माणूस घरूनच ठरवून येतो, आणि ठरवताना तो येलदरी शोधतो. बाळासाहेबांचे मेव्हणे शोधत नाही.

आत जाऊन मी बाळासाहेबांना सांगितलं, "सगळी नावं काढायची. हिरो पण. फक्त येलदरी, येलदरी धरण, जिंतूर, परभणी आणि मरळ. मराठीतून आणि इंग्रजीतून. आणि एक हॅशटॅग आपला स्वतःचा. गिऱ्हाईक फोटो टाकताना तोच लावेल, म्हणजे सगळ्यांचे फोटो आपल्या एका ओळीत जमतील. सुनीतावहिनीची मरळ."

बाळासाहेबांचा चेहरा उतरला. "घरच्या बाईचं नाव जगभर करता का मॅडम? लोक काय म्हणतील?"

मला राग आला आणि मी तो लपवला नाही. "बाळासाहेब, एवढी नावं टाकलीत. त्यात चुलीपुढं बसणारीचं एक नाही. रस्सा काय मामा करतात?"

मी वहिनींना बाहेर बोलावलं आणि त्यांनाच विचारलं. त्यांनी हात पुसले, पदर डोक्यावर नीट घेतला. भायासमोर बोलायचं म्हणजे सोपं नव्हतं.

"मासा मी निवडते, मसाला मी वाटते," त्या खाली बघत म्हणाल्या. "नाव टाका ताई. चव बिघडली तर माझंच नाव खराब हुईल."

"आन् पाहुणे?" बाळासाहेबांनी मला विचारलं. आवाज नरमला होता.

"पाहुण्यांचा इथं भिंतीवर फ्लेक्स लावा. मामांचा फोटो सगळ्यात मोठा."

हे त्यांना पटलं.

नवं रील टाकलं आणि व्ह्यूज धाडकन पडले. हिरोचे चाहते गेले ना. बाळासाहेबांचा फोन. "मॅडम, ह्ये तर उलटंच व्हायलंय."

"पडू द्या. आता बघणारे परभणी-हिंगोलीचे आहेत."

मी ठामपणे बोलले खरी, पण दिवाळी जवळ येत होती आणि एखाददुसरं टेबल जेमतेम भरत होतं. एक दिवस सिमेंटवाला टेप घेऊन जागा मोजून गेला. वहिनींनीच ते फोनवर सांगितलं.

मग धरण भरलं. दरवाजे उघडणार अशी बातमी फिरली की आमच्याकडे जत्रा असते. जो तो गाडी काढतो. मी आदल्या दिवशीच जाऊन नवं रील करून आणलं होतं. पुढं वहिनींच्या हातातली पळी, मागं धरणाची भिंत. सकाळी बातमी आली, तसं ते टाकलं. त्या दिवशी सगळा जिल्हा येलदरी हाच शब्द दाबत होता. पाण्याच्या एवढ्या फोटोंत जेवणाचं ताट एकच होतं, आमचं.

दुपारी बाळासाहेबांचा फोन आला. मागं भांड्यांचा नुसता कालवा.

"मॅडम, मासा दुसऱ्यांदा आणायला पाठवलाय. लोक इचारायलेत, सुनीतावहिनी कोण हायेत? फोटो काढायचाय म्हणायलेत. मी काय सांगू?"

"त्या कुठं आहेत ते सांगा," मी म्हटलं आणि स्कूटी काढली.

पोचले तर बाहेरपर्यंत रांग. शेजारच्या दोघी भाकऱ्या थापत होत्या, वहिनी चुलीपुढून उठायला तयार नव्हत्या, आणि पोरी तिथंच जाऊन त्यांच्याबरोबर सेल्फी घेत होत्या. मला बघून वहिनी हसल्या. मला इतका अभिमान वाटला की मी पुढं होऊन सरळ वाढायलाच लागले.

तेवढ्यात मामा आले. बसायला खुर्ची नाही.

"बाळ्या," ते म्हणाले, "माझी सून पुण्याहून फोन करायली. मामंजी, सुनीतावहिनीची मरळ खाऊन या म्हणून. अरे, ही आपली सुनी का?"

बाळासाहेबांनी चुलीकडे बघितलं. "आपलीच," ते म्हणाले. त्यांचा मोबाईल वाजत होता. सिमेंटवाला. त्यांनी उचलला, "जागा न्हाई आता," एवढंच बोलले आणि ताटं उचलायला वळले.

तेव्हापासून नवं गिऱ्हाईक आलं की मी पहिल्याच भेटीत सांगते. हॅशटॅग शोधणाऱ्यासाठी असतो. मानपानासाठी फ्लेक्स आहे.

मामा त्या दिवशी उभ्यानं जेवले, भिंतीवरच्या आपल्याच मोठ्या फोटोखाली. रुसले नाहीत. रस्सा दोनदा मागून घेतला.