शिट्टी झाली की सुटायचं!

जिंकणाऱ्यांकडं कप साठतात, हरणाऱ्यांकडं किस्से. मिरज जंक्शनवर मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं, त्या सुमाराला आम्ही रेल्वेवाल्यांनी फुटबॉल क्लब काढला. लीगमध्ये कायम तळाला! कपांसाठी केलेल्या कपाटात आम्ही जेवणाचे डबे ठेवायचो.

*

क्लब काढला रुळांवर काम करणाऱ्या गँगच्या मुकादमानं, गणपतरावांनी. कॅप्टनही तेच. रूळ सरळ ठेवणारी माणसं. त्यांनी ग्राउंड असं सपाट केलं, की पाहुणी टीम बघतच राहिली.

"ग्राउंड लय भारी हाय की!"

"ती आमची ड्यूटी," गणपतराव म्हणाले. "खेळाचं तेवढं इचारू नका."

*

पहिल्याच मॅचला रेफ्रीनं फाउलची शिट्टी मारली. समोरचे थांबले. आमचे अकराच्या अकरा पळत सुटले!

रेफ्री खवळला. गणपतराव म्हणाले, "आवं, गार्डची शिट्टी झाली की गाडी सुटती. थांबवायचं आसंल तर बावटा दावा!"

पुढच्या मॅचला रेफ्री खरंच बावटा घेऊन आला.

*

मी बुकिंग क्लार्क, लेफ्ट विंगला. बॉल आला की त्याचं काय करायचं, हा विचार पुरा होईतो तो दुसऱ्यानं नेलेला असायचा. प्रेक्षक ओरडायचे, "खिडकी उघड रं गड्या, लाइन लागलीया!"

*

साताऱ्याच्या मॅचला पासावर गेलो. गाडी दोन तास लेट. "रेल्वेची टीम टायमात येईल, आसं आमाला बी वाटलं न्हवतं," म्हणत तिथल्या सेक्रेटरींनी चहा पाजून परत पाठवलं. मॅच बुडाली. पण गोल खाल्ला नाही, म्हणून येताना आम्ही केवढे खूश!

*

गणपतराव रिटायर व्हायच्या महिन्यातली मॅच. तोवर आम्ही एकही जिंकलो नव्हतो. "एकदा तरी जिकून घरला जाऊ द्या रं," एवढंच त्यांचं मागणं. खरं सांगतो, जीव तोडून खेळलो. एक-शून्यनं पुढं, दोन मिनिटं उरलेली!

ग्राउंडच्या कडेच्या रुळांवरून मालगाडी चालली होती. आमचा गोलकीपर इस्माईल, सांधे बदलणारा पॉइंट्समन. जाणारी गाडी शेवटपर्यंत न्याहाळायची त्याची रोजची सवय. शेवटच्या, गार्डच्या डब्यातून धूर!

"आग लागलीया!" तो लाल जर्सी काढून हलवत पळाला. मागं गणपतराव. त्यांच्यामागं आम्ही नऊ जण, उघडेबंब, जर्स्या हलवत!

इकडं समोरच्यांनी रिकाम्या गोलात सावकाश बॉल ढकलला. वेळ संपली. एक-एक.

गाडी थांबली. गार्ड घाबरून दारात आला. "काय झालं हो? मी शेगडीवर कणसं भाजतोय."

इस्माईल रडायच्या बेताला आला. गणपतरावांनी एकदा ग्राउंडकडं बघितलं, जर्सी खांद्यावर टाकली आणि गार्डपुढं हात केला.

"मीठ-लिंबू हाय का?"